शालिकरामचं हसणं

महागूच्या मातीला शालिकराम हसला, आणि त्या दिवसापासून बोरटोल्यात त्याच्या अंगणात कुणी येईनासं झालं.

महागू त्याचा थोरला भाऊ. विहिरीचं काम करताना दरड अंगावर येऊन गेला. नाल्याकाठी सगळी वस्ती जमली होती. त्रिसरण झालं, पंचशील सुरू होतं, माणसं हात जोडून मान खाली घालून उभी होती. तेवढ्यात शालिकरामच्या छातीतून खुदखुद सुरू झाली. आधी लोकांना वाटलं, हुंदका असेल. मग आवाज वाढला. चेहऱ्यावर हसण्याची एक रेघ नव्हती, चेहरा नेहमीसारखाच लाकडी. पण आवाज हसण्याचा होता आणि तो थांबता थांबत नव्हता. शेवटी मैनाबाईने, त्याच्या बायकोने, त्याला दंडाला धरून बाजूला नेलं. पायाच्या चवड्यांवर अडखळत तो गेला, जाताना हसतच होता.

महागूची बायको चंपाबाई बसल्या जागेवरून पाहत राहिली. नंतर ती मैनाबाईला एवढंच म्हणाली, "ज्याच्या खांद्यावर बसून हा लहानाचा मोठा झाला, त्याले माती देताना हा हसला. आता याले माह्या दारात आणू नोको."

घरी आल्यावर मैनाबाईने विचारलं, "काहून हसले तुमी?"

शालिकरामचा आवाजही आता भिंतीपलीकडून आल्यासारखा बारीक झाला होता. "मले नाई मालूम," तो म्हणाला.

मैनाबाईला ते उत्तर लागलं. माहीत नाही म्हणजे काय? भाऊ गेला आणि याला माहीत नाही. तिने पुन्हा कधी विचारलं नाही.

शालिकराम आधी असा नव्हता. तिरोडीकडच्या रानात एका शेठची छोटी खाण होती. पुढे ती बंद पडली. मँगनीजच्या त्या खाणीत तो आत उतरून दगडाला भोकं पाडायचा. संध्याकाळी वर यायचा तेव्हा दात तेवढे पांढरे दिसायचे. वस्तीत ढोलकीवर त्याचा हात बसलेला होता आणि गाणाऱ्याच्या आधी त्याचीच मान डुलायची. छप्पन साली बापाबरोबर आणि महागूबरोबर पांढरे कपडे घालून तो नागपूरला गेला, दीक्षा घेऊन आला. तेव्हापासून दारूला शिवला नाही. पण काही वर्षांनी त्याचे पाय वाकडे पडू लागले तेव्हा लोक म्हणाले, लपून पीत असेल. आधी झोप गेली, मग पाय गेले. उतारावर चालताना तो पळत सुटायचा आणि पडायचा. मग आवाज बसला. सगळ्यात शेवटी चेहरा गेला. नागपूरच्या डॉक्टरने गुडघ्यावर छोटी हातोडी मारून पाहिली, डोळ्यांत बॅटरी मारली आणि सांगितलं की खाणीची धूळ डोक्यात शिरली आहे. वाढू नये म्हणून खाण सोडा, बाकी औषध नाही. खाण सुटलीच. वस्तीने डॉक्टरचं म्हणणं अर्धं मानलं, अर्धं सोडून दिलं.

मुलगी शीला गोंदियाला दिलेली. घरात दोघंच. मैनाबाई त्याला आंघोळ घालायची, भात कालवून द्यायची, सदऱ्याची बटणं लावायची. पण हळूहळू तिने त्याच्याशी बोलणं सोडलं आणि मग भांडणंही सोडलं. समोरच्या चेहऱ्यावर काही उमटतच नाही, तर बोलायचं कुणाशी? महागूच्या मातीनंतर तर तिला वाटू लागलं, आत माणूस उरलाच नसेल. धुळीने तो कधीच खाल्ला असेल आणि आपण रिकामं घर झाडतो आहोत.

अडुसष्ट सालची दिवाळी झाली आणि तलावाच्या पाळीवर दोन तंबू पडले.

हट्ट्याच्या रस्त्यावरून आत आलं की बोरटोल्याचा तलाव लागतो. वरच्या अंगाला पाणकणसाचं दाट बन आहे. हिवाळ्यात दिवस कलला की तिथे पाकोळ्यांचे थवेच्या थवे उतरतात. लांब दुभंगलेल्या शेपटीचं, गळ्याशी विटकरी रंगाचं हे पाखरू दिवसभर उडत राहतं आणि संध्याकाळी त्या कणसांवर झोपायला येतं. तंबूवाले त्यांच्याचसाठी आले होते. मुंबईच्या एका संस्थेचं काम होतं ते. पाखरं धरायची, मोजायची, पायात नंबराचा बारीक वाळा घालायचा आणि सोडून द्यायची.

साहेबाचं नाव टिकाराम बिसेन. वारासिवनीकडच्या पोवाराच्या घरचा, जबलपूरला शिकलेला, तिशीच्या आतला. बरोबर जाळी लावायला बालाघाटचा हिरालाल ढिवर. पाणी आणायला, पाखरांच्या कापडी पिशव्या धुवायला आणि स्वयंपाकाला बाई पाहिजे होती. वस्तीत विचारत टिकाराम मैनाबाईच्या दारात आला.

"काम करीन," ती म्हणाली. "पण याईले घरी एकटं ठेवता येत नाही. पडतात. सोबत आणाव लागन."

टिकारामने आत पाहिलं. शालिकराम खाटेच्या कडेवर बसला होता, घोंगडी खांद्यावर, नजर समोर.

"ले आओ ना. झाडाखाली बसतील," टिकाराम म्हणाला.

हिरालालने पहिले काही दिवस मैनाबाईच्या हातचं खाल्लं नाही. आपली रोटी आपण भाजायचा. टिकाराम मात्र पहिल्या दिवसापासून तिने वाढलेला भात खात होता. एका थंडीच्या सकाळी हिरालालची चूल पेटेना, तेव्हा तो मुकाट्याने येऊन ताट घेऊन बसला. मैनाबाईने त्यालाही भात वाढला.

काम सगळं सकाळ-संध्याकाळ चालायचं. केसासारख्या बारीक दोऱ्याची लांब जाळी बांबूच्या दोन खांबांमध्ये ताणायची. पाखरू येऊन धडकलं की जाळीच्या झोळात अलगद पडायचं. हिरालाल त्याला सोडवून पिशवीत घालायचा. तंबूसमोरच्या टेबलाशी टिकाराम पंख मोजायचा, काट्यावर वजन करायचा, चिमट्याने वाळा पायात बसवायचा आणि नंबर लिहून घ्यायचा.

मैनाबाईने एकदा तो वाळा हातात घेऊन पाहिला. तांदळाच्या दाण्याहून लहान, कथलासारखा चकचकीत.

"याचं काय होते?" तिने विचारलं.

"याच्यावर पत्ता आहे आणि नंबर. ही पाकोळी उन्हाळ्यात पहाडाच्या पलीकडे जाते, घरटं तिकडे करते. तिकडे कुणाच्या हाती लागली तर तो कळवेल. नाहीतर पुढल्या साली आपल्याच जाळीत येईल. मग कळतं, कुठून कुठे गेली, किती जगली."

"अन् नाई सापडली त?"

"बहुतेक सापडतच नाहीत."

"मंग काहून बांधता?"

टिकारामने हातातल्या पाखराचा पाय न्याहाळला. "एखादी सापडते," तो म्हणाला.

झाडाखालून आवाज आला. इतका बारीक की मैनाबाईला आधी कळलंच नाही कुणाचा.

"तिले दुखते का?"

शालिकराम बोलला होता. कितीतरी दिवसांत त्याने आपणहून काही विचारलं नव्हतं.

टिकाराम उठून त्याच्याजवळ गेला, पाखरू पुढे धरलं. "नाही, भाऊ. देखो, ढीला आहे. फिरतो पायात."

शालिकरामने हात पुढे केला. सावकाश, जसा तो सगळंच करायचा. बोटं अर्धी मिटलेली, तशीच आखडलेली. टिकारामने क्षणभर विचार केला आणि पाकोळी त्याच्या तळहातावर ठेवली. सोडलेलं पाखरू एरवी डोळ्याचं पातं लवायच्या आत उडून जायचं. ही गेली नाही. त्या हातात कुठेच झटका नव्हता, घाई नव्हती. ती बसली, पंख नीट मिटले, मान वळवून त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि मग आपल्या वेळेने उडाली.

तेव्हापासून वाळे घातलेली पाखरं बरेचदा त्याच्या हातून सुटू लागली. हिरालाल पिशवी रिकामी झाली की म्हणायचा, "ले भैया, छोड दे." काही लगेच जायची, काही थांबायची. शालिकरामचा चेहरा तसाच असायचा. मैनाबाई भांडी घासता घासता पाहायची. त्याला बरं वाटतं की नाही, काही कळायला मार्ग नव्हता.

चंपाबाई सरपणाला पाळीवरून जायची. एकदा ती थांबली, दुरून पाहिलं.

"पाखरं बरी बसतात त्याच्या हातावर," ती मैनाबाईला म्हणाली. "पाखराले लाकूड अन् माणूस सारखाच."

मैनाबाई पिशव्या धुवायला वळली. तिच्याही मनात तेच आलं होतं आणि म्हणूनच ते ऐकवेना.

माघ सरत आला. हवेत ऊब आली. पाकोळ्या जायच्या तयारीला लागल्या असं टिकाराम म्हणायचा. थवे आता मोठे दिसत होते आणि जाळीत आलेली पाखरं वजनाला भरत होती. जाण्यापूर्वी जमतील तेवढ्यांना वाळे घालायचे म्हणून त्याने आधीच्या दोन जाळ्यांच्या जोडीला तिसरी लावली, बनाच्या अगदी टोकाला, जिथे पाणी मांडीपर्यंत यायचं.

त्या दिवशी दुपारपासून वारा पडला होता. पश्चिमेला आभाळ आधी पिवळट आणि मग काळंनिळं झालं. दिवस बुडायला वेळ होता, पण अंधारून आलं तशी पाकोळ्यांना संध्याकाळ झाल्यासारखी वाटली असावी. सगळे थवे एकदम उतरले. तिन्ही जाळ्या बघता बघता भरल्या.

"जाळ्या काढा, जाळ्या काढा," टिकाराम म्हणाला आणि पळाला. पहिला गडगडाट झाला तेव्हा तो जवळच्या जाळीशी होता. मधल्या जाळीशी हिरालाल, आणि त्याच्या हाताखाली पिशव्या घेऊन मैनाबाई. घाबरलेलं पाखरू नखांनी दोरा आणखी गुंतवून घेतं. एकेकाला सोडवायला वेळ लागत होता. तिसऱ्या जाळीकडे अजून कुणी पोचलं नव्हतं.

मग गारा आल्या. आधी बोराएवढ्या, पाण्यावर टपटप उड्या मारणाऱ्या. मग लिंबाएवढ्या. पाण्याचा आवाज असा झाला की शेजारच्या माणसाचं ओरडणं ऐकू येईना. मैनाबाईच्या खांद्यावर एक गार बसली आणि हात बधिर झाला. हिरालालने जाळीची गाठ कापली, होती तशी सगळी जाळी पाखरांसकट गुंडाळून पोटाशी धरली आणि तिला ओढत तंबूत नेलं. टिकारामही आला, कपाळावर टेंगूळ, हातात तीन पिशव्या. तंबूचं कापड फाटून एका बाजूने खाली आलं. तिघं टेबलाखाली बसून राहिले.

"तिसरी रह गई," टिकाराम म्हणाला. तो पुन्हा पुन्हा तेच म्हणत होता. "तिसरी रह गई."

मैनाबाईला एकदम आठवलं. तिने फाटक्या कापडातून झाडाखाली पाहिलं. झाडाखाली कुणी नव्हतं. ती उठली तशी हिरालालने तिचा हात धरला आणि गारा ओसरेपर्यंत सोडला नाही.

गारा थांबल्या त्या एकाएकी, हात झटकल्यासारख्या. सगळी पाळ पांढरी झाली होती. झाडाखालून बनाच्या दिशेने चिखलात खुणा गेल्या होत्या. थोड्या पावलांच्या, मग पडल्याची जागा, मग तळहातांच्या आणि गुडघ्यांच्या. गारांनी त्या अर्ध्या बुजल्या होत्या. मैनाबाई त्या खुणांवरून धावली आणि पाण्याशी पोचायच्या आत तिला आवाज ऐकू आला.

शालिकराम हसत होता. तेच हसणं. नाल्याकाठी ऐकलेलं, खुदखुदीवरून चढत जाणारं, न थांबणारं. आता हा कशाला हसतो आहे?

कणसं बाजूला सारून तिने पाहिलं. मांडीभर पाण्यात तो उभा होता. तिसऱ्या जाळीचा एक खांब आडवा झाला होता. अर्धी जाळी पाण्यात पडली होती आणि तिच्यात पाकोळ्या ओल्या पाचोळ्यासारख्या लटकल्या होत्या, मेलेल्या. उरलेल्या अर्ध्या जाळीवर तो वाकला होता. डोक्यावरून घोंगडी, दोन्ही हात पंखांसारखे पसरलेले, आणि त्या छपराखाली जाळीचा झोळ पोटाशी घेतलेला. आखडलेल्या बोटांनी त्याला एकही पाखरू सोडवता आलं नसतं. म्हणून त्याने स्वतःलाच मध्ये घातलं होतं. कानामागून रक्त मानेवर ओघळत होतं. घोंगडीखाली जाळीत पंख फडफडत होते.

मैनाबाई पाण्यात शिरून त्याच्यासमोर आली आणि पहिल्यांदाच, कितीतरी वर्षांत पहिल्यांदाच, तिने त्याच्या तोंडाकडे न पाहता डोळ्यांकडे पाहिलं. तो पाण्यात लटकलेल्या पाखरांकडे पाहत होता. डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या होत्या. त्या गालांवरून, हनुवटीवरून, न हलणाऱ्या चेहऱ्यावरून खाली गळत होत्या. आणि तोंडातून हसण्याचा आवाज येत होता.

"मैना," तो त्या हसण्यातून कसाबसा म्हणाला, "त्या... त्या राह्यल्या."

ती तिथेच पाण्यात उभी राहिली. नाल्याकाठचा दिवस तिच्या डोळ्यांसमोर आला. तिथेही याच्या डोळ्यांत पाणी असेल. तिने पाहिलं नव्हतं. कुणीच पाहिलं नव्हतं. सगळे त्याचा आवाज ऐकत होते. हा माणूस आपल्या भावासाठी रडला होता आणि त्याच्या अंगाने त्याचं रडणं उलटं करून बाहेर टाकलं होतं. मग त्याने खरं तेच सांगितलं होतं, मले नाई मालूम.

"हौ," ती म्हणाली. "हौ, शीलाचे बाबा. मी आहो इथी."

हिरालाल आणि टिकाराम आले. हिरालालने घोंगडीखाली हात घालून एकेक पाखरू सोडवलं. शालिकरामचे पसरलेले हात खाली येईनात. ते तसेच ताठ राहिले होते. टिकारामने दोन्ही दंड चोळून चोळून ते हळूहळू उतरवले. तोवर हसणं ओसरत गेलं आणि तो थरथर कापायला लागला.

गारांनी बनातली कितीतरी पाखरं मारली होती, जाळीबाहेरचीही. वस्तीतले लोक टोपल्या घेऊन आले. बदकं, पाणकोंबड्या, जे हाती लागेल ते गोळा करू लागले. शेतातला हरभरा झोपला होता, लाखोळीचं पीक झोपलं होतं. पोटाला काहीतरी नेणाऱ्या माणसाला कोण अडवणार? टिकारामने अडवलं नाही. तो फक्त प्रत्येकाला हात जोडून सांगत होता, पायात वाळा दिसला तर तेवढा काढून मला द्या.

तंबूवाल्यांच्या जीपमधून शालिकरामला बालाघाटच्या दवाखान्यात नेलं. डोक्याला टाके पडले. दुसऱ्या दिवशी ताप भरला, छातीत कफ झाला. टिकाराम बाहेरच्या बाकावर बसून असायचा. तो दाढी करायचा विसरला होता.

"माझ्यामुळे झालं," तो मैनाबाईला म्हणाला. "आभाळ दिसत होतं. मी जाळ्या लावायलाच नको होत्या."

"जाळ्या तुमी लावल्या," मैनाबाई म्हणाली. "पण त्याईले तिथी तुमी नाई पाठवलं. ते आपल्या मनानं गेलते."

त्याने मान खाली घातली. थोड्या वेळाने म्हणाला, "मी हे काम सोडून देणार आहे."

ती उठून आत शालिकरामजवळ गेली. तो त्याचा प्रश्न होता.

ताप उतरल्यावर शालिकराम घरी आला, पण पायांनी आता अंग धरलंच नाही. तंबू उठून गेले होते. मैनाबाई चंपाबाईच्या दारात गेली. महागू गेल्यापासून तिने तो उंबरा ओलांडला नव्हता, आणि आजही बाहेरच थांबली.

"वहिनी, ते त्या दिवशी हसले नाई," ती म्हणाली. "ते रडलेते. त्याईचं रडणंच असं झालं आहे. मी डोळ्यानं पाह्यलं."

चंपाबाई सुपात तांदूळ पाखडत होती. तिने हात थांबवला नाही. "तू सांगून राह्यली म्हणून मानू?"

"नोको मानू. येऊन पाहून घे."

चंपाबाई आली नाही. त्या आठवड्यातही नाही आणि पुढच्याही नाही. मैनाबाई पुन्हा सांगायला गेली नाही. मात्र आता ती नवऱ्याशी बोलू लागली होती. भात कालवताना, अंग पुसताना, गावातलं, शेतातलं, शीलाचं काय काय सांगायची आणि मध्येच थांबून त्याच्या डोळ्यांत पाहायची. डोळ्यांत सगळं होतं. आजवर आपण चुकीच्या जागी शोधत होतो असं तिला वाटलं आणि त्या वाया गेलेल्या वर्षांचं दुःख तिला स्वतःच्या दुखण्यासारखं झालं.

एका दुपारी दारात सावली पडली. चंपाबाई. हातात झाकलेला पितळी गंज, त्यात आंबील.

ती आत आली, खाटेपासून हातभर अंतरावर जमिनीवर बसली. शालिकरामकडे पाहत राहिली. मग ती सरळ म्हणाली, "भाऊजी, तुमच्या दादाची विहीर परसो पूर्ण झाली. पाणी लागलं."

शालिकरामच्या छातीत खुदखुद सुरू झाली. आवाज चढला. मैनाबाईला वाटलं, ही आता उठून जाईल. चंपाबाई उठली नाही. ती पुढे सरकली, खाटेच्या कडेला हात टेकवून तिने त्याच्या डोळ्यांत पाहिलं. पुष्कळ वेळ पाहिलं. तिचा स्वतःचा चेहरा आधी आवळला आणि मग सैल झाला.

"रडा, भाऊजी," ती म्हणाली. "रडून घ्या."

तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला. हसण्याचा आवाज घरभर होत होता आणि दोघी त्याच्या दोन बाजूंना बसून होत्या, ढसाढसा रडणाऱ्या माणसाजवळ बसावं तशा. बाहेरून जाणाऱ्या कुणीतरी थांबून आत डोकावलं. चंपाबाई त्याला म्हणाली, "त्याईच्या दादाची आठवण आली. जा तू."

ही गोष्ट दिवस मावळायच्या आत वस्तीभर झाली. नंतर एकदोघं खाटेजवळ येऊन बसून गेले. सगळे नाही आले. ज्यांना यायचं नव्हतं त्यांच्याकडे मैनाबाईने लक्ष दिलं नाही.

जेठात, पाऊस सुरू व्हायच्या आधी, शालिकराम गेला. दुपारी जेवून पडला होता. शीला गोंदियाहून आलेली होती, ती पंख्याने वारा घालत होती. श्वास लागला, थांबला. मैनाबाईने त्याचे डोळे मिटले. नाल्याकाठी महागूच्या शेजारी त्याला माती दिली. पंचशील म्हणताना चंपाबाई मैनाबाईला चिकटून उभी होती. ज्या माणसांनी तेव्हापासून शालिकरामच्या अंगणात येणं सोडलं होतं, त्यांच्यातल्याच दोघांनी या वेळी खांदा दिला. त्याबद्दल राग धरावा की बरं मानावं, हे मैनाबाईला त्या दिवशी ठरवता आलं नाही. पुढेही आलं नाही.

त्या सालच्या कार्तिकात टिकाराम आला. तंबू नव्हते, जाळी नव्हती, नुसता सायकलवर. त्याने काम सोडलं नव्हतं. सोडायचं म्हणून वरिष्ठांना सांगितलं, मग पुन्हा जाऊन सोडत नाही म्हणाला. इथे जाळ्या लावायच्या की नाहीत ते मात्र त्याला ठरवता येत नव्हतं. दारात उभं राहून त्याने शालिकराम गेल्याचं ऐकलं. त्याने सायकल भिंतीला टेकवली.

"दुसरा तलाव पाहतो मी," शेवटी तो म्हणाला. "लालबर्ऱ्याच्या बाजूला."

"पाखरं त इथीच उतरतात," मैनाबाई म्हणाली.

"मैनाबाई, मला इथे जाळी लावायची हिंमत होत नाही."

ती चुलीतलं लाकूड मागे ओढत होती. धूर डोळ्यांत गेला म्हणून तिने पदराने डोळे पुसले. "मले विचारता त लावा," ती म्हणाली. "त्याईच्या हातून इतकी गेली. कोणती परत आली, कोणती नाई, हे कोणी पाहाले नोको का? पण आभाळ भरलं अन् मी नाई म्हटलं, त त्या दिवशी एक बांबू गाडू देणार नाई."

टिकारामने मान हलवली.

पुढच्या आठवड्यात पाळीवर तंबू लागले. हिरालालने मैनाबाईला पाखरू जाळीतून सोडवायला शिकवलं. आधी पाय मोकळे करायचे, मग पंख, मान सगळ्यात शेवटी. पहिले काही दिवस तिचे हात घाबरत होते. मग सवय झाली. कामाला आणखी एक बाई हवी होती, तेव्हा तिने चंपाबाईचं नाव सांगितलं.

चंपाबाई पहिल्या दिवशी दूरच उभी राहिली. मैनाबाईने तिच्या दोन्ही हातांची ओंजळ करून त्यात एक पाकोळी ठेवली आणि बोटं कशी धरायची ते दाखवलं. चंपाबाई श्वास धरून उभी राहिली.

"बाई," ती हळूच म्हणाली, "हिचं काळीज माह्या हाताले लागून राह्यलं."

"हौ," मैनाबाई म्हणाली. "दाबू नोको. अशीच धर, साहेब येतपर्यंत."